पांढरे पडलेले तुरे

एका मोठ्या इस्पितळातला पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड आत्याने नर्स म्हणून चौतीस वर्षं सांभाळला. तिथले वॉर्डबॉय पाठीमागे तिला 'तोफ' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते एवढंच, की ज्यांच्यावर ही तोफ डागायला हवी होती ती पांढऱ्या कोटातली माणसं राउंड उरकून केव्हाच निघून गेलेली असायची, आणि समोर उरायचे ते बिचारे झाडूवाले.

लग्न तिने केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती पुतण्याकडे राहायला आली. घर शहराच्या टोकाला, तीन खोल्यांचं. मागे लांबट आवार, आणि आवाराच्या शेवटी विटांची, पत्र्याच्या छपराची शेड. शेडमध्ये एकशेतीस कोंबड्या. कोंबड्या पुतणसुनेच्या. ती कामाला जायची तो शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने चाळीस पिल्लांपासून सुरुवात केली होती. आता गल्लीतली निम्मी घरं आणि नाक्यावरची बेकरी तिच्याकडून अंडी घेत होती.

आत्याने तीन महिन्यांत त्या शेडचा वॉर्ड करून टाकला. दारापाशी खिळ्याला वही टांगली. सकाळी आठला राउंड. आधी बाहेरूनच, जाळीतून, हालचाल न करता पाच मिनिटं बघायचं: कोण पंख मिटून कोपऱ्यात उभी आहे, कोण खायला पुढे येत नाही. मग आत. विष्ठेचा रंग, पातळपणा. कानावर काही घरघर, शिंक येते का. डोळ्यांत फेस आहे का. संशय आला की कोंबडी बगलेत धरायची, छातीचं हाड चाचपायचं, गळ्याखालची दाण्याची पिशवी दाबून बघायची, शेपटीखालची पिसं फुंकर मारून दूर करायची. सकाळीही पिशवी भरलेली आणि घट्ट लागली तर दाणा अडकला समजायचं. एकदा तिने अशीच अडकलेली पिशवी तेलाचे थेंब पाजून, बोटांनी हलकं चोळून दोन दिवसांत मोकळी केली, तेव्हा सून थक्क होऊन बघत राहिली होती. नवीन आणलेल्या कोंबड्या तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या, हा नियमही आत्याचाच.

नियम सगळे चांगले होते. फक्त ते सांगायची पद्धत वॉर्डातली होती.

"हे भांडं असं ठेवतात? पाण्यात घाण तरंगतेय. तू पिशील का हे पाणी?"

सून भांडं उचलायची, घासायची, परत ठेवायची. ती मुळातच कमी बोलणारी. आत्या आल्यापासून आणखी कमी बोलायला लागली, आणि आत्याला वाटलं, पोरगी शिस्तीला लागली.

मग अंडी कमी झाली. रोजच्या नव्वदावरून सत्तर, सत्तरावरून पन्नास. तुरे फिके पडत चालले; लालभडक असायचे ते गुलाबी झाले, गुलाबीचे पांढुरके. एके सकाळी अंड्यांच्या खोक्यात एक कोंबडी मेलेली सापडली, अंड्यावर बसल्या बसल्याच गेलेली. दोन दिवसांनी आणखी एक.

आत्याने बाह्या सरसावल्या. वीस कोंबड्या एकेक करून बगलेत धरल्या. पिसं उलटी करून उवा शोधल्या, एकही नाही. घसे साफ. विष्ठा बरी. पापण्या खाली ओढल्या, आतली कातडी कागदासारखी पांढरी. रक्त कमी होत होतं आणि कुठे जात होतं ते दिसत नव्हतं. "पोटात जंत," तिने निकाल दिला. जंताचं औषध आणलं, वजनाप्रमाणे मोजून पाण्यातून दिलं, आणि सुनेला बजावलं की अंडी अमुक दिवस कोणाला द्यायची नाहीत.

सून मनगट खाजवत ऐकत होती.

"आधी ते खाजवणं थांबव," आत्या म्हणाली. "कोपरापर्यंत साबण लाव. नखं काप. अस्वच्छ हातांनी औषध कालवशील तर कोंबड्याही मरतील आणि आपणही."

सून "बरं" म्हणाली.

जंताच्या औषधाने काही झालं नाही. सात मेल्या. पुतण्या एका गोदामात मालाची चढ-उतार बघायचा, घरी यायचा तो आधीच वैतागलेला. त्याने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर गाडीतून उतरला, जाळीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. रुमाल नाकाला. बूट चकचकीत.

"किती गेल्या?"

"सात," आत्या म्हणाली. "शिंका नाहीत, जुलाब नाहीत. तुरे पांढरे पडलेत, अंडी निम्म्यावर आलीत. जंताचं औषध देऊन झालं. आत या, एखादी हातात घेऊन बघा."

"बाई, अशा पन्नास शेड बघतो मी आठवड्याला."

"बघता कुठे? दाराशी उभे राहता."

पुतण्याने आत्याच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला. डॉक्टर तोवर चिठ्ठी लिहू लागला होता. पावडर, पाच दिवस, पिण्याच्या पाण्यातून, सगळ्यांना.

"आजाराचं नाव काय लिहू मी वहीत?"

"इन्फेक्शन."

"कसलं?"

"असावं काहीतरी बॅक्टेरियल. पाच दिवसांत फरक पडेल."

तो गेल्यावर आत्या आवारात येरझाऱ्या घालत राहिली. चौतीस वर्षं तिने हेच बघितलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, पोटाला हात न लावता लिहिलेली चिठ्ठी. आणि मग ती चिठ्ठी राबवायची कोणी, तर तिने. "माझं चाललं असतं," ती सुनेला म्हणाली, "तर याला आठ दिवस त्या खोक्यात बसवला असता." पुतण्याने पावडर आणली आणि पाण्यात ढवळली.

पाच दिवस पावडर चालली. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस अंडी खाण्यात आणू नयेत. पुतण्या म्हणाला, "एवढं कोण वाचतं?"

"मी वाचते," आत्या म्हणाली. "बेकरीत कोणाचं पोर केक खाणार असेल. खड्डा खण."

खड्डा सुनेनेच खणला. एकेक अंडं फोडून ती खड्ड्यात सोडत होती, आणि प्रत्येक अंड्याबरोबर तिचा चेहरा आणखी घट्ट होत होता. आत्याला वाटलं, हा राग डॉक्टरवरचा.

सहाव्या दिवशी आणखी दोन मेल्या. पुतण्या जेवता जेवता म्हणाला, "शुक्रवारी खाटकाला बोलावलंय. आहेत त्या उचलून नेईल. हे पुरे झालं आता."

"कोणाच्या कोंबड्या आहेत त्या?" आत्याने विचारलं.

"घरच्या."

सून ताट घेऊन उठली आणि मोरीत गेली. भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला, एवढंच.

गुरुवारी सकाळी आत्या राउंडला गेली. एक कोंबडी मान टाकून बसली होती. ती धरायला सून वाकली आणि तिने झग्याच्या बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत लाल पुळ्या. काही ताज्या, काही खाजवून खपली धरलेल्या. बाहीच्या शिवणीच्या रेषेत जास्त दाट.

"हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? कधीपासून?"

सुनेने कोंबडी खाली ठेवली. सरळ उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्याला तिला बारा वर्षं झाली होती, आणि तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. आताही तो चढला नाही. पण शब्द असे आले, जणू दातांखाली दाबून ठेवले होते.

"महिना झाला. तुम्हाला दाखवायला आले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, साबण लाव. लावला. सोलून निघेपर्यंत लावला. अंडी काढायला हात खोक्यात घातला की खाज सुटते, हे सांगणार होते, तर तुम्ही म्हणालात, नखं काप. संध्याकाळी कोंबड्या आत जायला बघत नाहीत. दारापाशी गोळा होतात, ओरडतात, मी एकेकीला उचलून आत टाकते. तेही सांगायला आले. तुम्ही बातम्या ऐकत होतात. म्हणालात, लाड करून ठेवलेस. कोंबड्या माझ्या आहेत, आत्या. चाळीस पिल्लं मी या हातांनी वाढवली. तुम्ही आलात आणि मी वॉर्डबॉय झाले. आता तुमच्या पुतण्याने खाटीक बोलावलाय, डॉक्टरने विष पाजलंय, आणि मला कोणी एक शब्द विचारलेला नाही. तुम्हीसुद्धा नाही."

आत्याचं तोंड उघडलं होतं. उत्तर तयार होतं, चौतीस वर्षांच्या सरावाने ते आपोआप तयार व्हायचं.

पण तिला एक जुनी सकाळ आठवली. ती तेव्हा बावीस वर्षांची, नवी नर्स. ऑपरेशननंतरच्या एका पेशंटची पोटरी सुजलेली, गरम लागत होती. तिने ते बघितलं होतं. पण राउंडवर आलेला मोठा सर्जन आदल्या दिवशी एका नर्सच्या अंगावर ट्रे फेकून गेला होता. तिने पोटरीबद्दल सांगितलं नाही. दुपारी तो पेशंट पलंगावरून उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला तो गेलाच. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. त्या सर्जनचा तिने जन्मभर द्वेष केला. आणि इथे, पत्र्याच्या शेडमध्ये, कोंबड्यांच्या विष्ठेत उभं राहून तिला कळलं की ट्रे न फेकताही तेच करता येतं.

तिला स्वतःचा संताप आला.

"संध्याकाळी आत जात नाहीत," ती हळू म्हणाली. "दिवसा अंगावर काही सापडत नाही. रक्त रात्री जातंय. अगं, मी पेशंट तपासला. पलंग तपासला नाही."

अंबाड्यातला आकडा काढून ती कोंबड्यांच्या बसायच्या दांडीपाशी गेली. दांडी भिंतीतल्या खाचेत बसवली होती. खाचेत आकडा घालून तिने खरवडलं. राखेसारखी भुकटी निघाली आणि त्या भुकटीला पाय फुटले. सुईच्या टोकाएवढे किडे, काही करडे, काही रक्त पिऊन टम्म फुगलेले लाल. तिने पदराच्या टोकाने दांडीची खालची बाजू पुसली. पदर लाल झाला.

सून बघत राहिली. मग वळली, अंड्यांच्या खोक्यापाशी गेली आणि खोका उलटा केला. फळ्यांच्या जोडात त्यांचे थरच्या थर होते.

"हे खोके," ती म्हणाली, "जुन्या कोंबड्यांच्या वेळी नव्हते."

"नव्हते," आत्या म्हणाली. दोन महिन्यांपूर्वी पुतण्याने कोणाकडून तरी बारा कोंबड्या आणल्या होत्या, लाकडी खोक्यांसकट. आत्याने कोंबड्या तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या. धडधाकट दिसल्या तेव्हा आत सोडल्या. आणि खोके मजबूत आहेत, अंडी घालायला बरे पडतील, म्हणून तेही. "मीच आत आणवले. तू म्हणाली होतीस, जुनं लाकूड आहे, जाळून टाकू."

"हो," सून म्हणाली. तिने समजूत घातली नाही, आणि आत्याला ते बरं वाटलं.

खाटकाला सुनेनेच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी पुतण्या घरी आला तेव्हा आवारात खोके जळत होते.

"काय चाललंय हे? मी त्याला शब्द दिला होता."

"माझ्या कोंबड्यांचा शब्द तुम्ही दिलात," सून म्हणाली. "चहा ठेवलाय. पिऊन या आणि दांड्या उचकटायला लागा."

त्याने आत्याकडे बघितलं. आत्या भुसा पोत्यात भरत होती; तिने मान वर केली नाही.

तीन दिवस ते काम चाललं. कोंबड्या आवारात जाळी लावून बाहेर काढल्या. भुसा सगळा उचलून जाळला. जुन्या दांड्या जाळल्या. शेजारचा गच्च्यांना डांबरी थर बसवायचं काम करायचा. त्याच्याकडे गॅसची ज्योत फेकणारा बर्नर होता. तो घेऊन येऊन त्याने भिंतीतल्या खाचा, विटांचे सांधे, लोखंडी खांब शेकून काढले. आत तडतड आवाज यायचा. "इतके होते?" तो दर थोड्या वेळाने विचारायचा. मग उकळतं साबणाचं पाणी, मग ब्रश. भिंतीच्या भेगा सिमेंटने लिंपल्या. नव्या दांड्या गुळगुळीत रंधलेल्या, भिंतीला न टेकणाऱ्या, खाली लोखंडी पायांवर. आणि प्रत्येक पाय तेल भरलेल्या डब्यात, म्हणजे उरलेसुरले चढायचे नाहीत.

उरला प्रश्न फवारणीचा. कोणतं औषध, किती पाण्यात, अंडी किती दिवस बंद, हे अंदाजाने करायचं नव्हतं. आत्याने काचेच्या बाटलीत किडे भरून बूच लावलं आणि दोघी डॉक्टरच्या दवाखान्यात गेल्या. बाहेर बाकावर चार माणसं बसली होती. आत्याने मनाशी भाषण जुळवलं होतं. आत गेल्यावर ती बोलणार तोच सुनेने बाटली टेबलावर ठेवली.

"भिंग आहे ना तुमच्याकडे? बघा."

डॉक्टरने बघितलं. बराच वेळ बघितलं. "लाल माइट," तो म्हणाला. "रात्री रक्त पितात, दिवसा लाकडात लपतात."

"ते आम्हाला कळलंय. दांडीखाली पदर पुसला की कळतं. पण त्यासाठी आत यावं लागतं," आत्या म्हणाली.



"मग तुम्ही पावडर कशासाठी दिलीत?" सुनेने विचारलं.

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं. "नुसतं बघून गेलो तर लोक म्हणतात, डॉक्टरने काही केलंच नाही. काहीतरी लिहून द्यावं लागतं."

हे उत्तर खरं होतं, आणि म्हणूनच आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिची अशी किती वर्षं गेली होती, लोकांना 'काहीतरी' टोचण्यात आणि पाजण्यात. "पाच दिवस आम्ही अंडी पुरली," ती म्हणाली. "नऊ कोंबड्या गेल्या. ही पोरगी महिनाभर हात सोलत होती. तुमच्या 'काहीतरी'ची किंमत आम्ही भरली. आता नीट लिहा, आणि लिहिताना मोठ्याने वाचा."

त्याने लिहिलं आणि वाचलं. फवारा कोंबड्यांवर नाही, शेडवर. आठवड्याने पुन्हा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे निघतात. कोंबड्यांना पौष्टिक खाद्य, पाण्यातून जीवनसत्त्वं. सुनेने प्रत्येक ओळ त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली. निघताना त्याने फी नको म्हटलं. सुनेने ती टेबलावर ठेवली. "यावेळी तुम्ही बघितलंत," ती म्हणाली.

आठवड्यानंतर पुतण्या म्हणाला, "आता तर एक किडा दिसत नाही, दुसरी फवारणी कशाला?" त्यावर दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पंप भरायला गेला.

सगळ्या वाचल्या नाहीत. तिघींत रक्तच उरलं नव्हतं. आत्याने त्यांच्या माना स्वतः मोडल्या, चटकन, आणि मग बराच वेळ मोरीत हात धूत राहिली. आणखी पाच आपोआप गेल्या. एकशेतेरा उरल्या. तुरे लाल व्हायला महिना लागला, आणि अंडी नव्वदावर पुन्हा गेली नाहीत. ऐंशीच्या आसपास थांबली. बेकरीवाल्याने मधल्या काळात दुसरीकडून अंडी घ्यायला सुरुवात केली होती, तो परत आला नाही. सुनेला त्याचाही राग होता, आणि तो तिने लपवला नाही. गल्लीत ती आता मोठ्याने बोलायची. पुतण्याला ते जड जात होतं. आत्यालाही कधी कधी.

संध्याकाळी दार लावायच्या वेळी आता दोघी जायच्या. कोंबड्या न ओरडता आत जाऊन दांडीवर बसतात का, ते बघायचं आणि मगच दार ओढायचं. अशाच एका संध्याकाळी सून म्हणाली, "ती करडी लंगडतेय."

आत्याच्या ओठांवर आलं होतं की सकाळी मी बघितली तेव्हा ठीक होती. "कधीपासून?" तिने विचारलं.

"काल दुपारपासून. उजवा पाय."

सुनेने कोंबडी उलटी धरली. तळव्याखाली काळी खपली, भोवती सूज, हाताला गरम.

"गळू आहे," आत्या म्हणाली. "उडी मारून खाली उतरताना लागलं असणार. दारातली ती सिमेंटची कड बघ, कशी धारदार ठेवलीय तुझ्या नवऱ्याने. लिंपायला सांगितलं तर अर्ध्यात टाकून गेला."

"त्याला मी सांगते," सून म्हणाली. "आधी पाणी गरम करू?"

"कर. मीठ टाक. पाय वीस मिनिटं भिजवू, खपली सैल झाली तर निघेल, नाही तर ओढायची नाही."

सून स्वयंपाकघराकडे गेली. आत्या कोंबडी मांडीवर धरून ओट्यावर बसली. कोंबडी पाय झाडत होती, आणि आत्या त्या सिमेंटच्या कडेला एकेक शिवी मोजून देत होती.